शाईरेषेतील छाया : ‘वर्तने’पासून लाइन ब्लॉकपर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

काळी शाई आणि पांढरा कागद एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या चित्रात निसर्गातील छटा कशा साधाव्यात, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कारागिरीचा वाटतो. कोळसा, पेन्सिल किंवा जलरंग यांत हाताचा दाब कमी करून अथवा पाणी वाढवून छटा फिकी करता येते. टाकाच्या रेषेला ही सोय नाही. ती जेथे आहे तेथे सर्वस्वी काळी असते. जेथे नाही तेथे कागद सर्वस्वी पांढरा असतो. उलट निसर्गातील वस्तूंना बाह्यरेषा क्वचितच असते. डोंगराची सोंड, झाडाचे खोड, माणसाचा गाल हे सारे डोळ्यास उजेड आणि अंधार यांच्या चढउतारातूनच दिसतात. शाईचित्रातील राखाडी छटा कागदावर कोठेच नसते. रेषा व त्यांच्यामधील पांढरी जागा यांचे मिश्रण योग्य अंतरावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते आणि छटेचा भास उत्पन्न होतो. दिलेल्या जागेपैकी किती कागद शाईने झाकला गेला, यावर छटेची गडदता ठरते; रेषा कोणत्या दिशेने धावतात, यावर पृष्ठभागाचा आकार ठरतो. चित्रकलेच्या वर्गात ज्यांस ‘हॅचिंग’, ‘क्रॉस-हॅचिंग’ व ‘स्टिपलिंग’ म्हणतात, त्या अनुक्रमे समांतर रेषांच्या, परस्परांस छेदणाऱ्या रेषांच्या व ठिपक्यांच्या रीती याच तत्त्वाचे तीन प्रकार होत.

भारतीय चित्रकलेविषयीच्या लेखनात यासंबंधी दोन परस्परविरोधी मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे रेषा व सपाट रंग ही भारतीय चित्राची प्रकृती असून छायांकन ही युरोपची देणगी आहे. दुसऱ्या मताप्रमाणे प्राचीन शिल्पग्रंथांत छायांकनाचे सर्व प्रकार नावानिशी सांगितलेले असल्यामुळे युरोपीयांनी आपणांस नवे असे काही दिलेच नाही. दोन्ही मतांत थोडा सत्यांश आहे व दोन्ही मते अपुरी आहेत. महाराष्ट्रातील शाईचित्राचा इतिहास क्रमाने पाहिला असता असे दिसते की, रेषा व बिंदू यांनी छटा साधण्याची कल्पना येथे प्राचीन काळी ज्ञात होती. परंतु एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी चित्रकार त्या कल्पनेपर्यंत ग्रंथांच्या वाटेने आले नाहीत. ते नक्कल आणि छपाई यांच्या वाटेने आले. मध्यंतरी परंपरेचा धागा तुटला आणि त्याबरोबर तिचा शब्दही हरवला. या शब्दाचा व त्याच्या मागील कृतीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. तापीकाठची रेषा

आरंभ तापीच्या खोऱ्यापासून करणे सोयीचे आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले पुरुषोत्तमनगर आहे. याच तालुक्यात तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशे हे क्षेत्र वसलेले असून ‘दक्षिणकाशी’ म्हणून त्याची ख्याती आहे. येथील टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी १९५५ साली केले. त्यात सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील ही वस्ती माळवा व जोर्वे या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मृत्पात्रांच्या परंपरेशी निगडित आहे. त्यांपैकी जोर्वे हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे.

या परंपरेतील तांबड्या पात्रांवर काळ्या रंगाने केलेले नक्षीकाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चौकटी, त्रिकोण व शंकरपाळ्याच्या आकाराच्या आकृती काढून त्यांचे पोट समांतर किंवा एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषांनी भरलेले असते. रेषांच्या दाटीने मधले क्षेत्र भोवतालच्या जागेहून वेगळ्या गडदपणाचे दिसते, हे या कुंभारांस पक्के ठाऊक होते. तथापि या रेषाभरणास छायांकन म्हणता येत नाही. आकृतीच्या एका कडेला रेषा दाट व दुसऱ्या कडेला विरळ, असा क्रम तेथे नाही. त्या ज्या पात्रावर काढल्या आहेत त्याच्या गोलाईचा त्या अर्थ सांगत नाहीत. येथे रेषांची दाटी एकसारखी आहे आणि तिचा हेतू अलंकरणाचा आहे.

हा भेद सूक्ष्म वाटला तरी पुढील सर्व विवेचनाचा तो पाया आहे. रेषांनी जागा भरणे ही एक गोष्ट आणि रेषांच्या चढउतारातून वस्तूचा उंचसखलपणा दाखवणे ही दुसरी. पहिलीपासून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. त्यासाठी चित्रकाराने आकृतीकडे सपाट क्षेत्र म्हणून न पाहता वळणारा पृष्ठभाग म्हणून पाहावे लागते.

३. ‘वर्तना’ : शब्द आणि कृती

असे पाहणे शब्दांत मांडणारा भारतीय ग्रंथ म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील ‘चित्रसूत्र’. हा भाग ३५ ते ४३ या अध्यायांत आलेला आहे. स्टेला क्रामरिश यांनी १९२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यानंतर कलाभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले, आणि १९५८ साली प्रियबाला शाह यांनी संपादिलेली तिसऱ्या खंडाची संहिता बडोद्याहून प्रसिद्ध झाली. चित्रसूत्रात छायांकनास ‘वर्तना’ अशी संज्ञा असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : पत्रजा, आहैरिका व बिंदुजा. पानावरील शिरांसारख्या रेषांनी होणारी ती पत्रजा. अत्यंत सूक्ष्म रीतीने होणारी ती आहैरिका. आणि कुंचला थांबवून, म्हणजे ठिपक्यांनी होणारी ती बिंदुजा. मधल्या संज्ञेचा पाठ स्थिर नाही. ‘ऐरिक’ असाही पाठ आढळतो व तिच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. तिचा अर्थ ग्रंथातील स्पष्टीकरणावरूनच घ्यावा लागतो.

‘वर्तना’ हा शब्द ‘वृत्’ या धातूवरून आला आहे. या धातूचा मूळ अर्थ फिरणे, वळणे असा असून प्रयोजक रूपात तो फिरवणे, वळवणे असा होतो. छायांकनाला अंधाराशी किंवा उजेडाशी निगडित नाव न देता ‘वळवणे’ असे नाव देण्यात एक निश्चित दृष्टी दिसते. चित्रकार छटेच्या साहाय्याने सपाट भिंतीवरील आकृती जणू गोल वळवतो. चित्रातील उंच व सखल भाग वेगळे करून दाखवणारा तोच खरा चित्रवेत्ता, असे चित्रसूत्रात अन्यत्र म्हटले आहे; त्याच्याशी ही व्युत्पत्ती सुसंगत आहे. पाली परंपरेतही याला दुजोरा मिळतो. बुद्धघोषाच्या ‘अट्ठसालिनी’ या टीकेत चित्रकर्माच्या क्रिया सांगताना रेखाटन व रंगकाम यांच्या जोडीला ‘उज्जोतन’ आणि ‘वत्तना’ या दोन क्रिया येतात. पहिली उजळ भागाची व दुसरी छायेची. अकराव्या शतकात भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथातही चित्राच्या अंगांत वर्तनेच्या क्रमाचा समावेश आहे.

या संज्ञेचे प्रत्यक्ष रूप अजिंठ्यास पाहावयास मिळते. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली आहेत ती नदी पुढे तापीसच मिळते. येथील वाकाटककालीन चित्रांत, उदाहरणार्थ पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या आकृतीत, शरीराच्या बाह्यरेषेच्या आतील कडेने गडद छटेचा पट्टा असतो; मध्यभागाकडे तो विरत जातो आणि नाकाचा शेंडा, हनुवटी, ओठ अशा उंच भागांवर उजळ स्पर्श असतो. ही छाया एखाद्या विशिष्ट दिशेने येणाऱ्या प्रकाशामुळे पडलेली नाही. अवयव जेथे पाहणाऱ्यापासून मागे वळतो तेथे तो गडद होतो आणि जेथे पुढे येतो तेथे उजळ होतो. म्हणजे अजिंठ्याची छटा उठावाची छटा आहे. युरोपीय प्रबोधनानंतरच्या चित्रातील छटा बहुधा प्रकाशाची असते. तेथे सूर्य किंवा दिवा कोठे आहे हे चित्रावरून सांगता येते आणि वस्तूची सावली जमिनीवर पडलेली दिसते.

वरील दोन मतांपैकी पहिले येथे कोसळते. भारतीय चित्रास छायांकन परके नव्हते. परंतु दुसरे मतही यामुळे सिद्ध होत नाही. चित्रसूत्रातील वर्तना कुंचल्याची आहे, रंगाची आहे व मुख्यतः भित्तिचित्राची आहे. कागद, टाक व काळी शाई यांच्या मर्यादेतून निर्माण होणारा प्रश्न त्या ग्रंथापुढे नव्हता.

शब्दाचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘वृत्’ धातूची संतती विपुल आहे. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे तत्सम शब्द नित्य वापरात आहेत. ‘वाटोळा’ हा शब्द प्राकृताच्या द्वारे ‘वर्तुल’ शब्दापासून आलेला आहे. ‘वर्तन’ व ‘वर्तणूक’ यांना आचरणाचा अर्थ प्राप्त झाला. एवढ्या मोठ्या कुटुंबात छायांकनाचा अर्थ सांगणारा ‘वर्तना’ मात्र उरला नाही. अर्वाचीन मराठीत त्याची जागा ‘छाया’, ‘छटा’, ‘उठाव’ व शेवटी ‘शेडिंग’ या शब्दांनी घेतली. यांपैकी ‘उठाव’ हा देशी शब्द जुन्या संज्ञेच्या आशयास सर्वांत जवळचा आहे.

४. बोरू, परदाज आणि टाक

मध्ययुगीन महाराष्ट्रात कागद व काळी शाई विपुल होती. पेशवे दफ्तरातील असंख्य रुमाल याचे साक्षी आहेत. काजळ व डिंक दीर्घकाळ खलून केलेली शाई टिकाऊ असे. तरीही शाईरेषेतून छटा साधण्याची कला या लेखनसंस्कृतीतून उद्भवली नाही. त्याचे एक कारण लेखणीच्या घडणीत शोधता येते.

बोरूच्या टोकाला तिरका काप दिलेला असतो. त्यामुळे त्याच्या रेषेची जाडी हात कोणत्या दिशेने जातो यावर ठरते. एका दिशेला रेषा रुंद व तिच्या काटकोनात बारीक होते. दाब वाढवल्याने तीत फारसा फरक पडत नाही. देवनागरी अक्षराच्या जाड-बारीक वळणाचे सौंदर्य याच गुणातून आले आहे. परंतु गालाच्या गोलाईवरून जाणारी रेषा उजेडाकडे बारीक व छायेकडे जाड व्हावयाची असेल, तर दिशेशी बांधलेली ही जाडी अडसर ठरते. पोलादी निबाच्या टाकाचे तंत्र याच्या उलट आहे. निबाच्या दोन पात्या दाबाने फाकतात व दाब काढताच मिटतात. त्यामुळे एकाच दिशेने जाणारी रेषा वाटेत फुगवता व निमुळती करता येते. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून अशा निबा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या आणि ब्रिटिश अमलातील कचेऱ्या व शाळा यांच्या मार्गे टाक महाराष्ट्रात रुळला. लेखनाच्या दृष्टीने टाकाने देवनागरीचे वळण बिघडवले, अशी तक्रार झाली तर ती निराधार नाही. चित्राच्या दृष्टीने मात्र त्याच टाकाने एक नवी शक्यता खुली केली.

बोरू व टाक यांच्या दरम्यान आणखी एक प्रवाह आहे. मोगल चित्रशाळेत जेझुइट मिशनऱ्यांनी १५८० साली अकबरास बायबलची अँटवर्प येथे छापलेली सचित्र प्रत नजर केली. तेथपासून युरोपीय ताम्रपट-मुद्रणातील चित्रे दरबारी चित्रकारांच्या अभ्यासाचा विषय झाली. ताम्रपटावरील छटा कोरलेल्या रेषांच्या जाळ्यानेच साधलेली असते. मोगल चित्रकारांनी ते जाळे जसेच्या तसे उचलले नाही. केसासारख्या बारीक कुंचल्याने लहान लहान स्पर्श व ठिपके देऊन त्यांनी त्या छटेला मृदू केले. या रीतीस ‘परदाज’ म्हणत. हा फार्सी शब्द ‘पूर्ण करणे, सजवणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. शाईप्रधान, अल्प रंगाच्या चित्रांची ‘नीम कलम’ ही शैली याच वातावरणात वाढली.

‘वर्तना’ व ‘परदाज’ या दोन संज्ञा शेजारी ठेवल्या असता दृष्टीतील फरक ध्यानी येतो. एकीत पृष्ठभाग वळवण्याची कल्पना आहे, दुसरीत चित्रास अखेरचा हात देण्याची. कृती मात्र पुष्कळ अंशी एकच आहे. बिंदुजा वर्तनेचे वर्णन आणि परदाजाचे ठिपके यांत हाताच्या हालचालीचे साम्य स्पष्ट आहे.

५. पुणे ते मळवली : नकलेची दोन साधने

महाराष्ट्रापुरते पाहिले तर प्रत्यक्ष वस्तूसमोर बसून तिच्या छाया शाईने टिपण्याचा पहिला भरीव उपक्रम अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात झाला. पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगवली. याच परिवारात गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार काम करीत होता. वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची, पुण्यातील माणसांची व पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्याचीही त्याने काढलेली चित्रे उपलब्ध असून त्यांतील मोठा संच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

गंगारामाच्या रेखाटनांत पेन्सिल, शाईची रेषा व पातळ शाईचा वॉश यांचा मेळ आहे. लेण्यातील खांबाची एक बाजू अंधारात आणि दुसरी उजेडात दाखवण्यासाठी तो वॉशचा आधार घेतो. रेषेकडे आकार बांधण्याचे काम राहते. अजिंठ्याच्या उठावाच्या छटेपेक्षा ही छटा निराळी आहे, कारण तिच्यात लेण्याच्या तोंडातून आत येणारा प्रकाश आहे. येथे एक तांत्रिक अडचण मात्र उत्पन्न झाली. वॉशची सलग राखाडी छटा छापखान्यात छापता येत नव्हती. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने लंडनमध्ये १८०३ साली जी चित्रमाला काढली, ती ॲक्वाटिंट पद्धतीने छापलेली आहे. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लाने तो खरवडतात व त्या सूक्ष्म कणांमुळे वॉशसारखी छटा उमटते. ही पद्धत खर्चिक होती आणि मराठी मुद्रकांच्या आवाक्याबाहेरची होती.

मराठी मुद्रकांना परवडले ते शिळामुद्रण. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, ते शिळाछापावर. दगडावर तेलकट शाईने लिहिलेले अक्षर व काढलेले चित्र एकत्रच छापले जात असल्यामुळे लेखणीची रेषा प्रथमच शेकडो प्रतींत पोहोचू लागली. दगडावर देखील लेखणीने काढलेली रेषा पूर्ण काळीच उमटते, फिकी रेषा नसते. म्हणून छटा हवी असेल तर दाणेदार दगडावर तेलकट खडू घासणे, किंवा लेखणीने ठिपके देणे, हे दोनच मार्ग उरतात.

दुसऱ्या मार्गाचा उत्कर्ष रंगीत शिळामुद्रणात झाला. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर नेली. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो. मूळ तैलचित्रातील त्वचेची मऊ छटा निरनिराळ्या दगडांवर हाताने दिलेल्या असंख्य ठिपक्यांत विभागावी लागे आणि छपाईत हे ठिपके एकमेकांवर पडून सलग छटा दिसे. भिंगाखाली अशी जुनी चित्रे पाहिली असता लक्ष्मीचा किंवा सरस्वतीचा गाल ठिपक्यांच्या पुंजक्यांत विरघळतो. चित्रसूत्रात ज्या वर्तनेस ‘बिंदुजा’ म्हटले होते, तीच ही कृती. ती करणाऱ्या दगडकामगारांनी ते नाव ऐकले असण्याचा संभव फारसा नाही. तंत्राचा पुनर्जन्म झाला, शब्दाचा झाला नाही.

६. शाळा आणि ब्लॉक

१८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेने छायांकनास अभ्यासक्रमाचे स्थान दिले. प्लॅस्टरच्या नमुन्यावर एका बाजूने प्रकाश पाडून त्याची छाया कागदावर उतरवण्याचा परिपाठ युरोपीय होता. पण याच शाळेच्या इतिहासात अजिंठ्याचाही मोठा वाटा आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला प्रथम मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. गिलचा अंत १८७९ साली खानदेशातच, भुसावळजवळ झाला. या आगीनंतर कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले व १८९६-९७ साली त्याचे दोन मोठे खंड प्रसिद्ध झाले. या नकलांच्या निमित्ताने दिवसाचा काही भाग एकदिशा प्रकाशाचा अभ्यास करणारे विद्यार्थी अजिंठ्याच्या बिनसावलीच्या उठावासमोर वर्षानुवर्षे बसले. दोन्ही प्रकारच्या छटा त्यांच्या हातातून गेल्या. परंतु शिक्षणाची भाषा इंग्रजी असल्यामुळे दोहोंना एकच नाव मिळाले, ते ‘शेडिंग’. आणि नाव एक झाल्यावर भेद विसरला जाणे स्वाभाविक होते.

विसाव्या शतकात शाईचित्राचे भवितव्य छापखान्यातील दोन प्रकारच्या ब्लॉकांनी ठरवले. हाफटोन ब्लॉकमध्ये चित्राचे छायाचित्रण बारीक जाळीतून केले जाते. त्यामुळे सलग छटा लहानमोठ्या बिंदूंत मोडते. हे काम यंत्र करते. मात्र असे बिंदू स्वच्छ उठण्यासाठी गुळगुळीत व महाग कागद लागतो. लाइन ब्लॉकमध्ये जाळी नसते. जस्ताच्या पत्र्यावर काळी रेषा तेवढी उंच राहते व बाकीचा भाग आम्लाने खोल जातो. हा ब्लॉक स्वस्त असून सामान्य कागदावर अक्षरांच्या जोडीने निर्वेध छापता येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढून मराठीत सचित्र वार्षिकाची प्रथा पाडली. तेथपासून कथाचित्रांची मागणी वाढत गेली आणि साध्या कागदावरील कथाचित्रांचा बहुतांश भार लाइन ब्लॉकने उचलला.

लाइन ब्लॉकने चित्रकारास काही कठोर धडे दिले. पहिला असा की, फिकी रेषा त्यात टिकत नाही. ती एक तर काळी उमटते किंवा नाहीशी होते. म्हणून वॉशचा मोह सोडावा लागतो. दुसरा असा की, रेषा फार जवळ घेतल्या तर छापताना मधल्या फटींत शाई भरते व छटेच्या ठिकाणी डाग पडतो. चित्र छपाईच्या आकारापेक्षा मोठे काढून ब्लॉक करताना लहान केले जात असे. त्यामुळे कागदावर नेमकी दिसणारी दाटी छापल्यावर अधिक गडद होणार, हा हिशेब चित्रकारास आधीच करावा लागे. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. पांढरा कागद हाच उजेड आहे आणि तो एकदा झाकला की परत मिळत नाही. उजळ भाग राखून ठेवण्याचा निर्णय पहिली रेषा ओढण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

या बंधनांतून दोन निरनिराळे मार्ग निघाले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या ‘दीपावली’तील व अन्य नियतकालिकांतील रेखाचित्रांत छटेचे काम बव्हंशी रेषेच्या जाडीवर सोपवलेले आहे. पदराच्या घडीवरून किंवा खांद्यावरून जाणारी एकच रेषा फुगते, निमुळती होते, तुटते. आणि तिच्या शेजारचा कोरा कागद गोल वाटू लागतो. येथे उठाव आहे, पण रेषांची दाटी नाही. दुसरे टोक गोव्याच्या मारियो मिरांदा (१९२६–२०११) यांच्या चित्रांत दिसते. लोटलीच्या घराण्यातील या चित्रकाराने मुंबईच्या नियतकालिकांतून दीर्घकाळ काम केले. त्यांच्या शाईचित्रांत कौलांच्या रांगा, जांभ्या दगडाच्या भिंती, माडांची झापे, बाजारातील गर्दी या प्रत्येकासाठी रेषांची निराळी वीण आहे. छटा तेथे पोताच्या द्वारे येते. कौलाची छटा कौलासारख्या रेषांनी व झापाची छटा झापासारख्या रेषांनी साधली जाते. ‘पत्रजा’ या शब्दाचा शब्दशः अर्थ घेतला, तर त्याचे याहून समर्पक उदाहरण शोधणे कठीण आहे.

निसर्गातील छटा शाईत ‘नैसर्गिक’ केव्हा वाटते, याचे उत्तरही या दोन मार्गांच्या तुलनेतून मिळते. गडदपणाचे प्रमाण अचूक असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. रेषेने वस्तूच्या पृष्ठभागाचे वळण घेतले पाहिजे. खांबावर ती आडवी वळली पाहिजे, उभ्या कड्यावर खाली कोसळली पाहिजे, संथ पाण्यावर सपाट पसरली पाहिजे. प्रकाश्याच्या घाटावरील दगडी पायऱ्या आणि त्यांच्या खालचे तापीचे पाणी दुपारी सारख्याच गडदपणाचे दिसू शकतात. दोन्ही जागी एकाच दिशेच्या समांतर रेषा भरल्या, तर गडदपणा बरोबर असूनही दगड व पाणी वेगळे ओळखता येणार नाहीत. ताम्रपाषाणयुगीन पात्रावरील रेषाभरण आणि वर्तना यांतील भेद तो हाच.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, छायांकन भारतीय चित्रास परके असल्याचे मत ग्रंथप्रामाण्याने व अजिंठ्याच्या प्रत्यक्ष पुराव्याने खोडले जाते. दुसरा, अर्वाचीन मराठी शाईचित्र हे चित्रसूत्राचे थेट वारस असल्याचे मतही टिकत नाही. त्याची जडणघडण टाक, शिळा व ब्लॉक यांनी केली. तिसरा, या दोन परंपरांत वंशाचे नाते नसले तरी समस्येचे नाते आहे. रंगाची छटा हाताशी नसता किंवा ती मोडून दाखवणे भाग पडता, हात रेषेकडे, सूक्ष्म स्पर्शाकडे व बिंदूकडे वळतो. चित्रसूत्रातील तीन प्रकार हे या तीन वाटांचे सर्वांत जुने ज्ञात वर्गीकरण आहे, आणि म्हणूनच वर्णनाची परिभाषा म्हणून त्याचा आजही उपयोग होऊ शकतो.

परिभाषेचा प्रश्न येथे गौण नाही. ‘शेडिंग’ या एका शब्दात पडलेली सावली, पृष्ठभागाचा उठाव व पोत या तिन्ही गोष्टी मिसळून जातात, आणि विद्यार्थी त्या मिसळूनच पाहावयास शिकतो. सावलीसाठी ‘छाया’, गडदपणाच्या पायरीसाठी ‘छटा’ आणि रेषा-बिंदूंनी पृष्ठभाग वळवण्याच्या कृतीसाठी ‘वर्तना’ अशी विभागणी केल्यास वर्णनास नेमकेपणा येईल. यात प्राचीनतेचा अभिमान मिरवण्याचे कारण नाही. शब्द वेगळे असले म्हणजे भेद दिसू लागतात, एवढाच हेतू.

अभ्यासाच्या दृष्टीने एक निकडीची बाबही नमूद केली पाहिजे. लाइन ब्लॉकचा काळ ऑफसेट छपाईने संपवला आहे. त्या काळातील अनेक मूळ चित्रांचा मागमूस उरलेला नाही. पण लाइन ब्लॉकने छापलेले चित्र हाफटोनप्रमाणे जाळीत मोडलेले नसते. चित्रकाराच्या रेषेचे टोक, तिचा दाब, तिची दिशा ही त्यात जशीच्या तशी, फक्त लहान आकारात उरलेली असतात. त्यामुळे जुने मराठी दिवाळी अंक, मासिके व क्रमिक पुस्तके ही या विषयाची प्रथम दर्जाची साधने ठरतात. साधा कागद पिवळा पडून तुटत चालला आहे. अजिंठ्याच्या नकला दोनदा आगीत सापडल्या, आणि तरीही भिंतीवरील मूळ चित्रे उरली होती म्हणून अभ्यास थांबला नाही. जेथे मूळच उरलेले नाही तेथे या छापील रेषा गेल्या की मराठी शाईचित्राचा पुरावाच जाईल. गावोगावच्या वाचनालयांतील असे अंक तपासून चित्रकार, मुद्रणपद्धती व वर्तनेचा प्रकार यांनुसार त्यांची सूची करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे, आणि ते तापीच्या खोऱ्यापासूनही सुरू करता येईल.